रानवाटेवर साप दिसला तर: ओळखीपेक्षा अंतर महत्त्वाचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील काही कुटुंबांचा एक गट दर रविवारी सकाळी शहराभोवतालच्या रानात पायी फिरायला जातो. गटात शाळकरी मुले आहेत आणि साठी ओलांडलेले दोघेतिघेही आहेत. मागच्या फेरीत पायवाटेच्या कडेला एक जाडसर, ठिपक्यांचा साप पडलेला दिसला. एकाने त्याला घोणस म्हटले, दुसऱ्याने डुरक्या घोणस, तिसऱ्याने अजगराचे पिल्लू, आणि चौथ्याने खात्री करून घेण्यासाठी त्याला काठीने डिवचले. साप निघून गेला, वाद मात्र मिटला नाही. आता गटाला जाणून घ्यायचे आहे की विषारी साप ओळखायला कसे शिकावे, सोबत सर्पविषावरील औषध बाळगावे काय, आणि सापांखेरीज इतर कोणत्या प्राण्यांची काळजी घ्यावी.

नागपूर जिल्ह्यात घराघरांतून साप पकडून रानात सोडण्याचे आणि लोकांना पायी रान दाखवण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिला प्रश्न सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. साप ओळखता येणे ही आनंदाची गोष्ट आहे, ती अवश्य शिकावी. परंतु ती शिकल्यामुळे दंश टळत नाही. दंश टळतो तो पाऊल कुठे ठेवावे आणि हात कुठे घालू नये हे कळल्यामुळे. उलट अर्धवट ओळखीने धोका वाढतो, कारण ‘हा बिनविषारी आहे’ असे एकदा मनाने घेतले की माणूस दोन पावले पुढे सरकतो.

तुमच्याच सापाचे उदाहरण घेऊ. घोणशीच्या पाठीवर लंबगोल, काळसर कडेच्या ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या जातात, डोके त्रिकोणी असून मानेपासून स्पष्ट वेगळे दिसते. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप. त्याच्या अंगावरचे चट्टे वेडेवाकडे असतात, मान वेगळी कळत नाही आणि शेपूट आखूड, बोथट असते. अजगराच्या पिल्लाचे चट्टे मोठे आणि अनियमित असतात. कागदावर हे फरक अगदी सोपे वाटतात. प्रत्यक्षात साप अर्धा पालापाचोळ्याखाली असतो, डोके वेटोळ्यात दडवलेले असते, ऊन-सावलीची जाळी अंगावर पडलेली असते, आणि मान व शेपूट पाहायची तर जवळ जावे लागते. हीच गोष्ट विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची. मण्यारीचे पांढरे आडवे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात, तर कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडत जातात. परंतु प्रत्येक साप पुस्तकातल्या चित्राबरहुकूम जन्माला येत नाही. ज्यांनी शेकडो मण्यारी हाताळल्या आहेत अशी माणसेही अंधारात पाहिलेल्या सापाबद्दल ठाम बोलण्याचे टाळतात. तेव्हा गटाचा नियम एकच असावा: वाटेवरचा प्रत्येक साप विषारी समजावा आणि कोणताही साप मारू नये. हे दोन्ही एकाच वेळी पाळता येते, कारण दोन्हींसाठी करायचे तेच आहे, म्हणजे थांबणे आणि मागे सरणे.

आता पावलाकडे वळू. फेब्रुवारीपासून आपल्याकडच्या सागवानाची पाने गळू लागतात आणि एप्रिलपर्यंत पायवाटेच्या दोन्ही कडांना कोरड्या, कुरकुरीत पानांचा घोटाभर थर साचतो. सागाचे वाळलेले पान तांबूस तपकिरी असते, त्याच्या शिरा गडद दिसतात, कडा आत वळलेल्या असतात आणि त्या वळणात सावली साचते. घोणशीचा रंग हाच, तिच्या ठिपक्यांची गडद कडा म्हणजे जणू तीच सावली. अशा थरात पडलेली घोणस माणसाच्या नजरेला दिसत नाही, अगदी सरावलेल्या नजरेलाही ती बहुधा दुसऱ्यांदा पाहताना दिसते. म्हणून पाचोळ्यातून चालायचेच नाही. वाट सोडून छायाचित्रासाठी, पक्ष्यासाठी किंवा लघुशंकेसाठी बाजूला जायचे असेल, तर आधी लांब काठीने समोरचा पाला हलवून मोकळी जमीन दिसेल असे करावे आणि मगच पाऊल टाकावे. आडवा पडलेला ओंडका थेट ओलांडू नये. त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला, साप सावलीत पडलेला असण्याची शक्यता पुष्कळ असते. ओंडक्यावर पाय देऊन उभे राहावे, पलीकडे पाहावे, मग उतरावे. ओंडका कुजका असेल तर वळसा घालावा. खडकावर चढताना हात वरच्या कपारीत आंधळेपणाने घालू नये, आणि बसायचे तर उघड्या सपाट दगडावर, आजूबाजूला काठी आपटून मग बसावे.

काठीविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. काठी आपटत चालले की साप पळतात, हे धामण, नाग, दिवड अशा चपळ सापांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. जमिनीची कंपने सापाला चांगली कळतात आणि त्यातले बहुतेक आपण पोहोचण्यापूर्वीच निघून जातात. रानात रोज फिरणाऱ्यालाही साप क्वचितच दिसतो त्याचे कारण हेच. घोणस मात्र या नियमाला अपवाद आहे. तिचा भरवसा पळण्यावर नसून न दिसण्यावर असतो. कंपने जाणवली तरी ती जागची हलत नाही, अंग आवळून बसते आणि फारच जवळ गेल्यावर कुकरची शिट्टी व्हावी तसा मोठा, लांबलेला फूत्कार टाकते. हा आवाज ऐकू आला की तो कुठून आला हे शोधण्यासाठी पाय हलवू नये. आहे त्या जागी थांबावे, नजरेने जमीन तपासावी, साप दिसल्यावर त्याच्या विरुद्ध दिशेला आणि नाही दिसला तर ज्या पावलांनी आलो त्याच पावलांवर मागे जावे. घोणशीला आपल्याकडे काही गावांत परड म्हणतात; गुराखी तिच्याविषयी ‘आवाज करते पण वाट सोडत नाही’ एवढे सांगतात आणि ते पुरेसे आहे.

सापांच्या हालचालीचे वेळापत्रक नागपूरच्या हवामानावर चालते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा घोणस आणि धामण सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघड्यावर, बहुधा पूर्वेकडे तोंड असलेल्या बांधावर किंवा पायवाटेवरच ऊन खायला येतात. त्या वेळी त्या मंद असतात, पण चावू न शकण्याइतक्या मंद नसतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दुपारी सगळे बिळात असते आणि सारी वर्दळ सूर्यास्तानंतर सुरू होते, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळणारे गट सकाळच्या गटांपेक्षा अधिक धोका पत्करतात. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते, बेडूक बाहेर पडतात, त्यांच्यामागे नाग येतो. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, आणि तिची पिल्ले साधारण पावसाच्या तोंडावर रानात पसरतात. बोटाएवढी जाड, वीतभर लांबीची ती पिल्ले पाहून मुलांना उचलण्याचा मोह होतो. त्यांचे विष पहिल्या दिवसापासून पूर्ण असते. मण्यार रात्रीची, त्यामुळे सकाळच्या फेरीत ती सहसा भेटणार नाही. पूर्व विदर्भाकडे, गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला गेलात तर काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांची पट्टेरी मण्यार रात्री रस्त्यावर दिसू शकते. फुरसे कोकणात आणि कोरड्या खडकाळ भागांत जितके आढळते तितके नागपूरच्या आसपास आढळत नाही.

पोशाखाबद्दल फार लिहीत नाही. घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड कापडाची सैल पूर्ण विजार, आणि काठी. सैल कापडाचा उपयोग असा की सापाचा दात कापडात अडकतो आणि विष पूर्णपणे आत जात नाही. सँडल घालून येणाऱ्याला, तो कितीही ज्येष्ठ असला तरी, वाहनाजवळच थांबवावे. पहाटे अंधारात निघत असाल तर प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र बॅटरी हवी. मोबाईलचा उजेड पसरट पडतो आणि त्यात जमिनीचा उठाव कळत नाही.

साप दिसल्यावर काय करायचे ते आधीच ठरलेले असावे. पुढे चालणाऱ्याने हात वर करून थांबावे, मागच्यांनी एकमेकांवर न आदळता थांबावे, मुले मधोमध असावीत. बहुतेक साप आपल्या शरीराच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा कमी अंतरावरच झेप घेऊ शकतात, म्हणून चार-पाच पावलांचे अंतर ठेवले तर कोणताही भारतीय साप तुम्हाला गाठत नाही. तो पाठलाग करीत येतो, डूख धरतो, जोडीदार सूड घेतो या सगळ्या गोष्टी पारावर शोभतात, रानात त्यांना जागा नाही. नागाने फणा काढला तर तो मागे जाण्याची संधी मागत असतो. ती द्यावी. छायाचित्र काढायचे तर मागे सरून, झूम करून काढावे. मोबाईल पुढे करून साप ‘फ्रेम’मध्ये घेणारी माणसे मी रुग्णालयात भेटलेल्यांमध्ये बरीच पाहिली आहेत. तुमच्यातल्या चौथ्या गृहस्थांना हेही सांगावे, की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार साप पकडणे, डिवचणे आणि मारणे हा गुन्हा आहे. रानात दिसलेला साप पकडण्यासाठी सर्पमित्राला बोलावण्याचे कारण नाही. घरात किंवा आवारात निघाला तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे, आणि जखमी प्राणी-पक्ष्यांसाठी सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

एवढे सगळे पाळूनही दंश झालाच तर काय, हा भाग प्रत्येकाने नीट वाचावा. वर्ष २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतांश मृत्यू ग्रामीण भागात झाले. विष प्रत्येक वेळी इतके प्रखर असते म्हणून नव्हे, तर उपचारापर्यंत पोहोचायला उशीर होतो म्हणून बहुतेक माणसे जातात. हा उशीर करणारी पहिली गोष्ट म्हणजे साप शोधत बसणे. साप मारून पिशवीतून रुग्णालयात नेण्याची गरज मुळीच नाही. आपल्याकडे वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्रित काम करते, आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवतात. पापण्या जड होणे, गिळायला आणि बोलायला त्रास होणे ही नाग किंवा मण्यार यांच्या विषाची दिशा. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येणे, जखमेतून रक्त वाहत राहणे ही घोणशीची. रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहण्याची साधी चाचणी कोणत्याही छोट्या रुग्णालयात होते. पकडून आणलेला साप या कामी काही सांगत नाही. मेलेल्या सापाचे डोके काही काळ चावू शकते, हे मात्र खरे.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. दंश झालेल्याला सापापासून दूर नेऊन खाली बसवावे किंवा झोपवावे. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढावेत, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि रक्तप्रवाह अडवतात. दंशाची वेळ लिहून ठेवावी. चावलेला पाय किंवा हात मोडलेल्या हाडाला जसा आधार देतो तसा दोन काठ्या आणि ओढणीने सैलसर बांधून हलणार नाही असा करावा. रुग्णाला चालवू नये. चालल्याने स्नायूंच्या हालचालीबरोबर विष शरीरात लवकर पसरते. चादरीची झोळी करावी, पाठीवर घ्यावे, पाठीमागे धरून मोटारसायकलवर बसवावे, जे शक्य असेल ते करावे. ओकारी येत असेल तर डाव्या कुशीवर ठेवावे. १०८ला फोन करावा, परंतु रुग्णवाहिका रानात पोहोचायला वेळ लागणार असेल तर आपल्या वाहनाने निघून वाटेत भेटण्याचे ठरवावे.

जे करायचे नाही तेही स्पष्ट सांगतो. दोरी, रुमाल, नाडा यांनी घट्ट आवळून बांधू नये. घोणशीच्या दंशात अशा बांधण्याने पाय कुजण्याची वेळ येते आणि गाठ सोडताच साचलेले विष एकदम शरीरात जाते. चीर देऊ नये, तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये, दारू किंवा चहा पाजू नये. इंटरनेटवर ऑस्ट्रेलियातील रानवाटांसाठीच्या ध्वनिचित्रफिती पुष्कळ आहेत आणि त्यांत पूर्ण पायाला दाबपट्टी गुंडाळायला सांगतात. तिथल्या परिस्थितीत ते योग्य आहे, कारण तिथले धोकादायक साप नागकुळातले आहेत आणि त्यांच्या विषाने दंशाच्या जागची मांसपेशी सहसा फारशी सडत नाही. आपल्याकडे घोणशीचे दंश मोठ्या संख्येने होतात, आणि तिच्या विषाला एकाच जागी दाबून धरणे म्हणजे त्या जागेचे नुकसान वाढवणे. म्हणून ती पद्धत इथे तशीच उचलू नये.

मण्यारीविषयी एक वेगळा इशारा द्यायला हवा. तिचा दंश जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही, दाताच्या खुणा दिसत नाहीत. तळ्याकाठी तंबूत जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, घसा बसल्यासारखे वाटते, पापण्या उघडत नाहीत, आणि सोबतचे लोक ते रात्रीच्या जेवणावर ढकलतात. रानात मुक्काम केलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण सापडो न सापडो, त्याला रुग्णालयात न्यावे. मुक्कामाला शक्यतो खाट किंवा चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी वापरावी.

प्रतिविष सोबत बाळगण्याचा विचार सोडून द्यावा. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते आणि काही रुग्णांना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी येते की श्वास आणि रक्तदाब दोन्ही कोसळतात. तिथे ॲड्रिनलिन, सलाईन, प्राणवायू आणि डॉक्टर हजर असावे लागतात. शिवाय ते शिरेतून द्यावे लागते आणि सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मुलाला कमी विष देत नाही. ही सोय सरकारी रुग्णालयांत मोफत आहे. तुमच्या पिशवीत असायला हवी ती माहितीच: ज्या दिशेला फिरायला जात आहात त्या दिशेचे सर्वांत जवळचे प्रतिविष असलेले रुग्णालय कोणते. रामटेक-खिंडसीच्या बाजूला गेला असाल तर रामटेकचे, उमरेडच्या बाजूला असाल तर उमरेडचे सरकारी रुग्णालय आधी गाठावे, निघण्यापूर्वी तिथे फोन करून साठा आहे का ते विचारावे, आणि पहिली मात्रा तिथे घेऊन मग गरज पडल्यास नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांकडे किंवा मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्रातील एम्सकडे यावे. ‘थेट नागपूरलाच नेऊ’ या आग्रहात मधला एक तास जातो, आणि तो तासच महाग पडतो. लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहावे. चावलेला साप बिनविषारी होता असे नंतर कळले तर एक रात्र वाया गेली एवढेच होईल.

आता सापांखेरीज इतर प्राण्यांकडे. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो: पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ताडोबा या संरक्षित क्षेत्रांत परवानगीशिवाय पायी जाता येत नाही, आणि मी जे लिहितो आहे ते गोरेवाडा, अंबाझरीचे जैवविविधता उद्यान, सेमिनरी हिल्स, खिंडसीचा परिसर आणि गावांलगतची रानझुडपे यांविषयी आहे. परंतु प्राण्यांना हद्दी माहीत नसतात. २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानच्या आवारात वाघ फिरत होता, आणि गोरेवाड्याच्या बाजूला बिबट आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ‘इथे तर शहरच आहे’ हे वाक्य आपल्या भागात लागू पडत नाही.

पायी फिरणाऱ्यासाठी मी वाघापेक्षा अस्वलाला अधिक घाबरतो. वाघ बहुधा तुम्हाला आधी पाहतो आणि बाजूला होतो. अस्वलाचे तसे नाही. वारूळ उकरताना किंवा मोहफुले खाताना त्याचे तोंड जमिनीत असते, स्वतःच्या फुरफुरण्यात त्याला दुसरे काही ऐकू येत नाही, नजर बेताची, आणि तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. मार्चअखेर ते एप्रिल हा मोहाचा हंगाम. झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि वेचायला माणूस व अस्वल एकाच वेळी पोहोचतात. त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम. या काळात मोहाच्या झाडाखालून पहाटे जाऊ नये. वारुळाच्या बुडाशी ताजी उकरलेली माती, आणि जांभूळ-बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर तिथूनच परतावे. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) दाट झुडपांत आणि खडकांच्या घळीत दिवसा अस्वल झोपलेले असते. अशा जागांजवळून जाताना गटाने साध्या आवाजात बोलत राहावे. सापावर त्याचा फारसा परिणाम होणार नाही, पण अस्वलाला वेळेत कळेल. पिल्ले पाठीवर घेतलेली मादी दिसली तर तोंड तिच्याकडे ठेवून सावकाश मागे जावे. अंगावर आलीच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे, कारण ती चेहऱ्यावर हल्ला करते.

वाघ किंवा बिबट समोर आल्यास नियम उलटा आहे: पळायचे नाही, पाठ फिरवायची नाही आणि वाकायचे किंवा खाली बसायचे तर मुळीच नाही. विदर्भात वाघाचे बरेच हल्ले वाकून मोह, तेंदू, सरपण किंवा गवत गोळा करणाऱ्यांवर झाले आहेत. वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. उभे राहावे, मुलांना उचलून घ्यावे, गटाने एकत्र यावे, मोठ्याने बोलत मागे सरकावे. वानराचा खकारा किंवा चितळाची एकसारखी ओरड, म्हणजे वाघ-बिबट जवळ असल्याचा इशारा, ऐकू आली तर त्या दिशेला जाण्याची हौस आवरावी. रानडुकराचा कळप पिल्लांसह असेल तर वाट सोडून झाडामागे उभे राहावे. रोही, म्हणजे नीलगाय, सहसा निरुपद्रवी. गवा एकटा आणि शांत दिसला तरी त्याला दुरूनच सोडून द्यावे.

घोरपडीविषयी काळजी माणसाची नव्हे, घोरपडीची आहे. ती विषारी नाही, डिवचली तर शेपटीचा फटका देते आणि चावा घेते, एवढेच. तिच्या तेलाच्या आणि मांसाच्या लोभाने तिची शिकार होते, आणि कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे. कुणी पकडून नेताना दिसले तर १९२६ वर कळवावे. सापसुरळी, सरडा, पाल यांच्यापैकी कुणीही विषारी नाही. विणीच्या हंगामात सरड्याचा लाल होणारा गळा मुलांना जरूर दाखवावा.

अनुभवाने सांगतो, की अशा फेऱ्यांत आग्या मोहोळाने घायाळ झालेली माणसे सर्पदंशापेक्षा जास्त भेटतात. उंच झाडांच्या आडव्या फांद्यांखाली, कड्याच्या कपाऱ्यांत आणि जुन्या इमारतींवर पोळी लोंबतात. धूर, दगड, घारीसारख्या पक्ष्याची झडप, कधी उग्र अत्तर, यांपैकी काहीही पुरते. माश्या उठल्या की हातवारे करीत उभे राहू नये; डोके आणि तोंड शर्टाने झाकून सरळ रेषेत, शक्यतो झुडपांतून, दूर पळावे आणि वाहनात शिरून काचा बंद कराव्यात. इथे, आणि फक्त इथेच, पळणे बरोबर आहे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढावी, कारण ती मागे राहून विष सोडत असते. ओठ सुजले, श्वास घरघरला किंवा चक्कर आली तर ते सर्पदंशाइतकेच तातडीचे आहे.

विंचू दगडाखाली आणि झाडाच्या सालीखाली असतो. दगड उलटून मुलांना किडे दाखवणाऱ्यांनी दगड नेहमी आपल्याकडे उलटावा, म्हणजे मधला दगड ढालीसारखा राहतो आणि खालचा प्राणी विरुद्ध बाजूने निघतो. लाल विंचवाच्या दंशात एकेकाळी मोठ्या प्रमाणात मृत्यू होत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने ते चित्र पालटले. आता घाम, ओकारी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसताच, विशेषतः मुलांत, रुग्णालय गाठले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

शेवटी, ज्याला कुणी घाबरत नाही त्या प्राण्याबद्दल. पावसाळ्यात आणि त्यानंतर उंच गवतात, झुडपांत डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे सूक्ष्म कोळीवर्गीय किडे असतात आणि त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा तापाचा आजार होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली होती. चावा कळत नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, आणि काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याच्या खाली सिगारेटने भाजल्यासारखा काळा, न दुखणारा व्रण सापडतो. तो प्रत्येकाला दिसेलच असे नाही. वेळेत निदान झाले तर डॉक्सिसायक्लिन या औषधाने आजार लवकर आटोक्यात येतो, उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडांपर्यंत जातो. गवतावर थेट बसू नये, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, आंघोळ करताना मुलांचे अंग तपासावे. फेरीनंतर तीन आठवड्यांत गटातील कुणालाही ताप आला, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना आपण रानात गवतातून फिरून आलो आहोत हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.